उणे नऊ अंशांतला नेम

"शनिवारी शूटिंग आहे, रविवारी फोन करतो," असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा काकूनं विचारलं होतं, "कुठल्या सिनेमाचं रे?" बडोद्यात शूटिंगला दुसरा अर्थ कशाला असेल! पिस्तुलाचं, असं म्हटल्यावर पलीकडे सगळे गप्प झाले. आमच्या दांडिया बाजारच्या घरात आजवर आलेलं सर्वांत भयंकर हत्यार म्हणजे आजोबांची लाठी. तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात ते ती फिरवायला शिकले होते आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. बाकी आमचं घराणं शिक्षक आणि कारकुनांचं. बाबांनी त्या दिवशी एकच विचारलं, "म्हणजे ते घरात ठेवतोस?" त्या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. आपण टीव्हीवर नेमबाजी पाहतो ती बहुधा ऑलिंपिकची. मनू भाकरनं २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं मिळवली ती १० मीटर एअर पिस्तूलमध्ये. बंदिस्त हॉल, एका जागी उभं राहायचं, एका हातात पिस्तूल, पात्रता फेरीत ६० नेम आणि त्यासाठी ७५ मिनिटं. मी खेळतो त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. ते उघड्यावर, तीन बाजूंनी मातीचे उंच बांध असलेल्या चौकात चालतं. लाकडी चौकटींना जाळी ठोकून भिंती, खिडक्या, दारं उभारलेली असतात. त्यांच्या आडून पुठ्ठ्याची टार्गेटं डोकावतात, कुठे गोळी लागली की कोसळणारे पोलादी पॉपर असतात, आणि मधेच पांढरं टार्गेट असतं ज्याला लागलं तर गुण कापले जातात. टायमरचा बीप झाला की कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि धावत, वळत, खिडकीतून वाकत सगळी टार्गेटं घ्यायची. अशा एका मांडणीला स्टेज म्हणतात. ऑलिंपिकवाले ७५ मिनिटांत ६० वेळा चाप दाबतात, आम्ही वीस सेकंदांत २४ वेळा.

गुणांची पद्धत मला सर्वांत आवडते. टार्गेटच्या मधल्या भागाला ५ गुण, त्याच्या बाहेर ३, कडेला १. हुकली तर उणे १०. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, येतो तो हिट फॅक्टर. समजा एकानं २० सेकंदांत १०५ गुण मिळवले, तर त्याचा हिट फॅक्टर ५.२५. दुसऱ्यानं जास्त काळजीनं ११५ मिळवले पण २५ सेकंद घेतले, तर त्याचा ४.६०. पहिला जिंकला. म्हणजे अति काळजी घेणारा हरतो, आणि घाईत दोन गोळ्या हुकवणारा त्याहून वाईट हरतो. किती अचूक असणं आता पुरेसं आहे, हे दर सेकंदाला ठरवत पळायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हाच वाद रोज मीटिंगमध्ये होतो, फक्त तिथे तो वीस सेकंदांत मिटत नाही.

१९७६ साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी जमलेल्या नेमबाजांनी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्यात तीन लॅटिन शब्द आहेत, अर्थ अचूकता, ताकद आणि वेग. आता हा खेळ अनेक देशांत चालतो. आपल्याकडे नेमबाजी म्हणजे मुख्यतः ऑलिंपिकचे प्रकार, आणि त्यांच्या मुळाशी एक बडोदेकर आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचा जन्म बडोद्याचा, वकिली आणि राजकारण अहमदाबादचं. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया त्यांनीच स्थापन केली. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची एक मोठी पायरी असलेली स्पर्धा आजही त्यांच्या नावानं भरते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा सैलावले. मराठी माणूस, त्यातून लोकसभेचा अध्यक्ष, म्हणजे प्रकार अगदीच वाह्यात नसावा.

आता तो घरात ठेवण्याचा प्रश्न. अमेरिकेत यायची तयारी करणाऱ्या तरुण वाचकांसाठी आधी हे: कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. सिनेमात दिसतं तसं दुकानात गेलो आणि घेऊन आलो असं नसतं. मीही ग्रीन कार्ड येईपर्यंत फक्त बघायला जायचो आणि टार्गेटं चिकटवायला मदत करायचो. नंतर घ्यायचं ठरलं तेव्हा बायकोनं एकच अट घातली, तिजोरी आधी, पिस्तूल नंतर. तिजोरी भिंतीत बोल्टनं आवळलेली आहे, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात असतात. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. बायकोला हा खेळ अजिबात आवडत नाही, आणि तिचं मन वळवण्याचा मी प्रयत्न करत नाही. या देशात शाळांतून मुलांना वर्गात लपून बसण्याच्या कवायती करायला लावतात. मुलगी घरी येऊन त्याबद्दल सांगते तेव्हा आमच्या क्लबची शिस्त किती कडक आहे हे तिला सांगून उपयोग नसतो. क्लबातली शिस्त खरी आहे आणि बाहेरची भीतीही खरी आहे. एकीनं दुसरी खोडली जात नाही. बाबांनाही मी एवढंच सांगू शकलो.

शिस्तीची कल्पना यावी म्हणून एक शब्द. आमच्या मैदानाच्या फाटकावर 'कोल्ड रेंज' अशी पाटी आहे. त्याचा हवामानाशी काही संबंध नाही. रेंज ऑफिसर, म्हणजे आरओ, तुमच्या शेजारी उभा राहून 'मेक रेडी' म्हणत नाही तोपर्यंत तुमचं पिस्तूल रिकामं, होल्स्टरमध्ये किंवा बंद पिशवीत, आणि हात दूर. बाहेर काढून पाहायचं असेल तर सेफ एरिया नावाचं एक टेबल असतं, तिथेच, आणि तिथे काडतुसाला स्पर्शही करायचा नाही. धावताना नळी नेहमी समोरच्या बांधाकडे. बोट चापाच्या कड्याबाहेर. यातलं एक मोडलं की ताकीद वगैरे काही नाही, सामन्यातून बाद. पैसे परत नाहीत.

हिवाळ्यात मात्र ती पाटी दोन्ही अर्थांनी खरी असते.

मी ओहायोत, कोलंबस शहराच्या बाहेर राहतो. इथले बरेच क्लब डिसेंबर ते मार्च सामने बंद ठेवतात. आमचा क्लब महिन्याला एक चालू ठेवतो. उन्हाळ्यात ऐंशी माणसं येतात, हिवाळ्यात तीसही नाहीत. या फेब्रुवारीत सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा तापमान उणे ९ अंश सेल्सिअस होतं, वर वारा, आणि आदल्या रात्रीचा वीतभर बर्फ. आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की मांडवीत शेकोट्या पेटतात आणि माणसं माकडटोप्या काढतात. त्या मोजमापाला इथे काही अर्थ राहत नाही.

थंडीत खेळायचं तर तयारी आदल्या रात्रीपासून. पिस्तुलाला नेहमीचं जाड ग्रीस लावलं तर ते गोठून भाग सुस्त चालतात, म्हणून सगळं पुसून पातळ तेलाचा हात फिरवायचा. होल्स्टर आणि मॅगझिनचा पट्टा जॅकेटच्या वरून बांधायचा. जॅकेटच्या खालच्या नाडीला प्लॅस्टिकचं बोंडूक असतं ना, ते कापून टाकायचं. ते होल्स्टरमध्ये शिरून चापात अडकू शकतं, आणि मग पिस्तूल आत ढकलताना काय होईल ते सांगायला नको. दारूचाही विचार करावा लागतो. (काडतुसातल्या. दुसरी दारू मैदानावर कडक बंद आहे.) बऱ्याच दारू थंडीत जरा मवाळ जळतात आणि गोळीचा वेग उतरतो. आमच्या नियमात गोळीच्या ग्रेनमधल्या वजनाला तिच्या फूट प्रतिसेकंद वेगानं गुणून हजारानं भागतात. तो आकडा किमान १२५ हवा. १४७ ग्रेनची गोळी ८८० नं गेली तर १२९.३६, उत्तम. तीच थंडीत ८५० वर आली तर १२४.९५. मोठ्या सामन्यात यंत्र लावून मोजतात, तिथे या पाच शतांशांसाठी दिवसभराचा स्कोअर जातो.

चष्म्यावर श्वासाची वाफ धरते, म्हणून श्वास खाली सोडायचा. जाड कानटोपीवर कानाचे मफ नीट बसत नाहीत. स्कोअर टॅबलेटवर घेतात आणि टॅबलेटची बॅटरी थंडीत अर्ध्या तासात मान टाकते, म्हणून दोन शॉट्सच्या मधे कोणीतरी तो जॅकेटच्या आत छातीशी धरून बसतं, तान्ह्या बाळासारखा. टार्गेटं बर्फानं भिजू नयेत म्हणून त्यांवर पारदर्शक पिशव्या चढवलेल्या. गोळ्यांची भोकं बुजवायच्या चिकटपट्ट्या गारठ्यात चिकटत नाहीत, मग स्टेपलर. हे सगळं स्पर्धकांनीच करायचं असतं. एक जण खेळतो तेव्हा बाकीचे नऊ जण हात चोळत थांबतात आणि तो थांबला की भोकं मोजायला, पॉपर उभे करायला धावतात. पॉपर उचलायला मोजे काढावेच लागतात. ते पोलाद हाताला चावतं.

आणि इथेच खरी गोष्ट आहे ती बोटांची.

थंडीत शरीर पोटातली ऊब सांभाळायला हातापायांकडचं रक्त आवरतं घेतं. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बटण लावणं, काडतूस मॅगझिनमध्ये भरणं अशी कामं अवघड होऊ लागतात. ८ अंशांच्या आसपास स्पर्श कळेनासा होतो. पण बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराच्या खाली, जॅकेटच्या आत उबेत असतात. त्यामुळे बोट बधिर झालं तरी वाकतं. जोरही लागतो. फक्त ते कशावर टेकलंय, किती दाबलंय, ही बातमी परत येत नाही. माझ्या पिस्तुलाचा चाप साधारण सव्वा किलोच्या दाबाला सुटतो. ताकद शाबूत आणि खबर बंद अशा बोटाखाली तो चाप म्हणजे काय, याचा विचार मी त्या फेब्रुवारीत पहिल्यांदा नीट केला.

सामना चार स्टेजचा होता. पहिल्या तीन स्टेज मी बऱ्या खेळलो, खरं तर चांगल्याच. हिवाळ्यात वेगवान लोकही जपून धावतात, कारण बर्फावर वाळू टाकली तरी वळताना पाय सरकतो. मी मुळातच सावकाश धावतो, त्यामुळे माझं नुकसान कमी. तीन स्टेजनंतर अठ्ठावीस जणांत मी चौथा होतो. आजवर पहिल्या दहांतही आलो नव्हतो. शेवटची स्टेज सर्वांत मोठी, २८ गोळ्यांची, १४० गुणांची. डोक्यात आकडेमोड सुरू झाली होती हे कबूल केलं पाहिजे.

आमच्या स्क्वॉडमध्ये एक गृहस्थ आहेत, सत्तरी गाठलेले, निवृत्त इलेक्ट्रिशियन. मनातल्या मनात मी त्यांना अप्पा म्हणतो. कारण ते बोलायच्या आधी घसा खाकरतात आणि दुसऱ्याचं काम स्वतः उचलून करतात, आमच्या अप्पांसारखेच. चाळीस वर्षं ते हा खेळ खेळताहेत. त्या दिवशी आमची आरओ होती एक नर्स, चाळिशीची. तिला पिस्तूल धरायला अप्पांनीच शिकवलं होतं, आणि हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथ्या स्टेजला अप्पा माझ्या आधी होते. खेळले सुंदर. खिडकीतून शेवटचा पॉपर पाडला, थांबले. तिनं ठरलेली वाक्यं म्हटली, 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर.' त्यांनी मॅगझिन काढलं, नळीतली गोळी काढली, पिस्तूल उघडून दाखवलं. तिनं वाकून आत पाहिलं. 'इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर.' त्यांनी बांधाच्या दिशेनं रिकामा चाप दाबला, टक् वाजलं, आणि ते पिस्तूल होल्स्टरमध्ये घालू लागले. ते आत गेलं असं त्यांच्या हाताला वाटलं. हातानं सोडलं. पिस्तूल होल्स्टरच्या कडेवरून घसरलं आणि बर्फात पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आरओनं 'रेंज इज क्लिअर' म्हणेपर्यंत खेळ चालू असतो. आणि खेळ चालू असताना पिस्तूल हातून पडलं, भरलेलं असो वा रिकामं, की स्पर्धक बाद. नियम इतका साधा आहे.

"स्टॉप," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली. अप्पा वाकले नाहीत. पडलेलं पिस्तूल स्पर्धकानं उचलायचं नसतं, ते आरओच उचलते, हेही त्यांनीच तिला शिकवलेलं असणार. तिनं उचललं, तपासलं, बर्फ झटकला, त्यांना परत दिलं. ते घसा खाकरून म्हणाले, "बरोबर आहे," आणि सेफ एरियाकडे पिस्तूल पिशवीत भरायला चालू लागले.

आमच्यात विशीतला एक मुलगा होता, त्याचा तिसराच सामना. तो मला म्हणाला, अरे पण ते रिकामं होतं, आपण सगळ्यांनी पाहिलं, तिनं स्वतः आत पाहिलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या पिस्तुलातून त्या क्षणी कोणालाही इजा होणं शक्य नव्हतं. पण पिस्तूल रिकामं होतं की भरलेलं, हे त्या हाताला माहीत नव्हतं. वीस सेकंदांपूर्वी ते भरलेलं होतं आणि हात तेव्हाही तोच होता. नियम पिस्तुलाबद्दल वाटतो, असतो तो हाताबद्दल. आणि शंभरातल्या एका प्रसंगी आरओनं 'जाऊ दे' म्हटलं, तेही आपल्या गुरूला, तर बाकीच्या नव्व्याण्णव वेळा तिच्या 'स्टॉप'चं काय राहील? हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं नाही. अप्पा तोवर परत आले होते. त्यांनी त्याच्या हातातला स्टेपलर घेतला आणि टार्गेटं बुजवायला लागले. सामन्यातून बाद झालेला माणूस सहसा घरी जातो. त्या थंडीत तर नक्कीच.

मग माझं नाव पुकारलं.

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. दिसायला ठीक होता, जरा लालसर. खिशात क्वार्टर म्हणजे पाव डॉलरचं नाणं होतं. त्याच्या कडेला बारीक खाचा असतात. डोळे मिटून पहिल्या बोटाचं टोक त्या कडेवरून फिरवलं. खाचा लागल्या नाहीत. मी नाणं उलट बाजूनं फिरवलं. गुळगुळीत. डाव्या हाताच्या बोटाला अंधुक काहीतरी खरखरलं, उजव्याला नाही, कारण मघापासून पॉपर मी उजव्या हातानंच उचलत होतो. मी आरओला म्हटलं, मला क्रमात शेवटी टाक. याला परवानगी असते. सेफ एरियात पिस्तूल पिशवीत बंद केलं आणि पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली. उबदार गाडीत थंड पिस्तूल नेलं तर त्यावर दव धरतं आणि बाहेर आणलं की त्याचाच बर्फ होतो. मी पुढे हीटर लावून बसलो. हात काखेत. लोहाच्या भुकटीच्या त्या गरम पुड्या मिळतात, पाकीट फोडून हवा लागली की तापतात, त्या दोन्ही मनगटांवर बांधल्या, कारण रक्त तिथूनच बोटांत जातं.

पाच मिनिटांनी मुंग्या सुरू झाल्या. त्या काय चीज आहे हे ज्यानं सोसलं नाही त्याला सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा नाणं काढलं. डाव्या हाताला खाचा मोजता येतील इतक्या स्पष्ट. उजव्याला कड आहे एवढं समजत होतं, खाचा नाहीत.

काचेवर आरओनं टकटक केलं. बाकी सगळ्यांचं झालं होतं. दिवस कलायला लागला होता आणि बर्फावरचा उन्हाचा तिरपा झोत थेट डोळ्यांत येत होता. माझ्यामुळे नऊ माणसं वाऱ्यात उभी होती. चौथा क्रमांक, १४० गुण. खरं सांगतो, त्या काचेआडून मला अगदी छान छान कारणं सुचत होती. चाप मी हजारो वेळा दाबलाय, सवयीनं होऊन जाईल. सगळेच गारठलेत. खाचा लागत नाहीत पण कड तर लागते की. मी काच खाली केली आणि ही स्टेज मी खेळत नाही असं सांगितलं. तिनं काही विचारलं नाही. टॅबलेट जॅकेटमधून काढून शून्य टाकलं, मला दाखवून सही घेतली. बोटानंच करायची होती ती. स्क्रीनला माझं बोट कळलं, मला स्क्रीन कळली नाही.

मग मीही उतरून आवराआवर करायला गेलो. जाळ्या उतरवायच्या, चौकटी शेडमध्ये न्यायच्या, पिशव्या गोळा करायच्या. रिकाम्या पुंगळ्या मात्र बर्फात बुडाल्या त्या बुडाल्या. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की मैदानभर पितळ चमकतं आणि मग लोक बादल्या घेऊन येतात. शेड बंद करताना अप्पांनी विचारलं, "हात?" मी नाणं दाखवून काय केलं ते सांगितलं. त्यांनी नाणं घेतलं, मोजा काढला, बोट फिरवून पाहिलं. बराच वेळ फिरवत राहिले. मग परत दिलं आणि म्हणाले, "माझ्या वेळी आम्ही शर्टाचं बटण लावून पाहायचो." आज त्यांनी ते का केलं नव्हतं, हे मी विचारलं नाही.

रात्री निकाल आला. अठ्ठावीसात मी बाविसावा. अप्पांच्या नावापुढे दोनच अक्षरं होती, डीक्यू. घरी बेसिनवर शिशाचे कण जाईपर्यंत साबणानं हात धुतले, पिस्तूल पिशवीतच ठेवून सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ दिलं, मग पुसलं, तेल लावलं आणि तिजोरीत टाकलं. मुलगी अजून जागी होती. कोण जिंकलं, तिनं विचारलं. मी म्हटलं, मी नाही. "मग उशीर का झाला?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, तेव्हा आम्ही दोघांनी आईला न सांगता कोको केला.

मार्चच्या सामन्याची नोंदणी पुढच्या सोमवारी रात्री आठला उघडली. मी आठ वाजून दोन मिनिटांनी नाव घातलं. यादीत माझ्या वर तीन नावं होती, आणि पहिलं अप्पांचं होतं.